अडकित्त्यानं कापलेली गोळी

सभागृहात शिरलो की मी सर्वांत आधी अध्यक्षांचं डोकं बघतो. त्यात आदर नसतो, गरज असते. व्याख्यानाच्या सुरुवातीलाच मला एक केस लागतो. नॅनो म्हणजे किती लहान हे सांगायला मी अध्यक्षांकडे एक केस मागतो, तो दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेतो आणि म्हणतो, "या केसाच्या जाडीचे साधारण लाखभर उभे काप करा. त्यातला एक काप म्हणजे एक नॅनोमीटर." लोक केसाकडे बघतात, अध्यक्ष डोकं चोळतात, आणि तिथून पुढे सभा माझी.

कामरगावच्या वाचनालयात अध्यक्ष चकचकीत टकले निघाले. मी हात पुढे केला आणि थांबलो. मी थांबलो हे सभेनं पाहिलं. मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "मिशीचा घ्या नं, सर." आणि अध्यक्षांनी, बहुधा ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती म्हणून, खरोखरच मिशी पुढे केली. त्या दिवसापासून मी गावात पोचल्यावर आधी अध्यक्षांबद्दल चौकशी करतो. लोकांना वाटतं, सर किती अगत्यानं विचारतात.

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. गोळी कशी बनते, पोटात कुठं विरघळते, रक्तात किती उतरते, हा माझा विषय. काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला की प्राध्यापकांनी समाजात जाऊन नव्या संशोधनाची माहिती द्यावी. इतर सगळे खोकले, मी हात वर केला. लहानपणी नाटकात काम मिळालं नव्हतं, त्याचा हा सूड असावा. तेव्हापासून वाशीम जिल्ह्यातली वाचनालयं, विहारं, धर्मशाळा, शाळांचे पत्र्याचे हॉल मी पालथे घालतो आहे. विषय ठरलेला: अतिसूक्ष्म औषधं आणि ज्याचं त्याचं औषध.

आता थकलो आहे, हे सांगून टाकतो. घसा दुपारनंतर माझा राहत नाही. एसटीच्या मागच्या सीटनं पाठीचे मणके मोजून घेतले आहेत. घरात शाली इतक्या झाल्या की बायको म्हणते, "पुढच्या खेपेला नॅनो शाल मागा, ठेवायला सोपी." पण थकवा खरा निराळाच आहे. ज्या औषधांचं मी इतकं रसाळ वर्णन करतो, त्यातलं एकही मी आजवर कोणाच्या हातात ठेवलेलं नाही. हलवायाच्या दुकानासमोर उभं राहून जिलबीवर भाषण देणाऱ्या माणसासारखी माझी गत आहे.

तरी प्रयोग चांगला वठतो, हे कबूल करायला हवं. केसानंतर मी पिशवीतून फुगा काढतो. त्यात आधीच गुलाल भरलेला असतो. एखाद्या तरण्या पोराला पुढे बोलावून पांढरा सदरा घालायला लावतो. आधी मूठभर गुलाल त्याच्या अंगावर उधळतो. "ही आपली नेहमीची गोळी. दुखणं खांद्यात, औषध सगळ्या अंगभर. म्हणून तर केस गळतात, तोंड येतं, मळमळतं." मग फुगा त्याच्या खांद्यावर नेऊन टाचणीनं फोडतो. "हे नवं औषध. चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यात बांधलेलं. जायचं तिथं जाऊन फुटतं. बाकी अंगाला त्रास कमी." टाळ्या हमखास.

शंका मात्र कोणत्या वाटेनं येतील याचा नेम नसतो. कामरगावचाच एक शेतकरी उठला. आमच्याकडे नॅनो म्हटलं की शेतकऱ्यांना बाटलीतलं खत आठवतं.

"सर, हे नॅनो पंपाले किती टाकाव?"

"काका, हे पिकाचं नाही. माणसाचं."

"तेच इचारून राह्यलो. मानसाचं किती टाकाव?"

मी म्हणालो, डॉक्टर ठरवतील. तो बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, "म्हंजे यायलेबी मालूम नाही."

शिरपूर जैनला धर्मशाळेत व्याख्यान होतं. तिथं पहिल्या रांगेतले एक वयस्क शेठजी माझा फुगा फुटला तेव्हा अजिबात हसले नाहीत. शेवटी हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही म्हणालात फुगा चरबीचा. कोणाच्या चरबीचा?"

असा प्रश्न मला परिषदांमध्येही कोणी विचारलेला नाही. मी सांगितलं की पुष्कळदा ही चरबी सोयाबीनपासून काढतात. हे ऐकून मागे बसलेली शेतकरी मंडळी एकदम सरसावली. "आपल्या सोयाबीनची?" मी म्हणालो, सोयाबीन ते सोयाबीनच. एक जण म्हणाला, "मंग मार्केटात भाव काहून पडेल हाय?" हशा झाला, पण शेठजी माझ्याकडेच बघत होते. तेव्हा उरलेलंही सांगावं लागलं, की काही ठिकाणी अंड्यातलीही वापरतात. ते म्हणाले, "मग विचारून घ्यावं लागेल." ज्याचं त्याचं औषध या विषयावर मी तासभर बोललो होतो. शेठजींनी तो चार शब्दांत आटोपला.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. "कोणाला काही शंका?" असं विचारल्यावर सभेत येतात त्या शंका नसतात. ती हजेरी असते. खऱ्या शंका येतात सभा संपल्यावर, दाराबाहेर, चपलांपाशी. माणूस एका पायात चप्पल घालतो, दुसरी शोधत असल्यासारखं करतो आणि खाली बघत हळूच बोलतो. "सर, आमच्या मामाले असं असं हाय." मीही मग माझी चप्पल सापडत नसल्याचं सोंग करतो. दोघांच्याही मानाची काळजी घेणारी ही पद्धत आहे. तिथं माझा एकच नियम: औषध कसं काम करतं ते सांगायचं, घे किंवा सोड हे सांगायचं नाही. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही.

मेडशीला जयंतीच्या व्याख्यानमालेत मात्र सगळं उलटं झालं. संध्याकाळची वेळ, विहारासमोर मांडव, उन्हानं तापलेली जमीन अजून पायाला लागत होती. व्याख्यानमाला भरवणारे गवईभाऊ एसटीत वाहक होते. सभेतही ते "सरका, पुढे जागा हाय" असंच म्हणत. माझा लाल गुलाल त्यांनी बाजूला ठेवायला लावला. "सर, आज निळाच." निळा फुगा फुटला, टाळ्या झाल्या. मग मी ज्याचं त्याचं औषध या भागाकडे वळलो. एकाच गोळीचा दोन माणसांवर वेगळा परिणाम का होतो, काही कर्करोगांत आता आधी पेशीतला नेमका बिघाड शोधतात आणि त्याच बिघाडावर बसणारी गोळी देतात, असं सांगितलं. शेवटी सवयीनं म्हणालो, "कोणाला काही शंका?"

बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. सुनंदाताई, चाळिशीच्या, मजुरीला जाणाऱ्या. उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि सरळ विचारलं, "मले रक्ताचा कॅन्सर हाय. मले तुमी म्हनता तशीच गोळी हाय, रोजची एक. माह्या भावालेबी रक्ताचाच निघाला. माही गोळी त्याले चालन का? रक्त तं आमचं एकच हाय."

मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, "ताई, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला हवं." त्या खाली बसल्या. पण त्यांच्या शेजारच्या बाईनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून मला कळलं. ही बाई चालेल का असं विचारत नव्हती. गोळी चालू झालेली होती.

सभा संपली. चपलांपाशी त्या उभ्याच होत्या, सोबत त्यांचा धाकटा भाऊ सिद्धार्थ. पंचविशीचा, उंच, ओठ पांढरे पडलेले. गवईभाऊ माझ्या मागं.

"कधीपासून देताय?" मी विचारलं.

"होळीपासून. अर्धी तो घेते, अर्धी मी."

"अर्धी कशी करता?"

"अडकित्त्यानं. सासूच्या पानाच्या डब्यातला हाय. बरोबर मधोमध कापते."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. सुपारी कापावी तशी निगुतीनं त्यांनी ती गोळी रोज कापली होती.

सिद्धार्थ म्हणाला, "डॉक्टरनं नागपूरले भरती व्हा म्हनलं होतं. ताई म्हने, कायले जातो तिकडे, औषध तं घरात हाय."

"मंग खोटं का बोल्ली?" ताई म्हणाल्या. "मी मराले टेकली होती. या गोळीनं उभी केली. मी वावरात जाते, निंदते, सारं करते. मले बरं केलं तं याले काहून नाही करनार? एकाच मायचे हाओत आमी."

मी समजावू लागलो. रक्ताचा कर्करोग हे एका आजाराचं नाव नाही, अनेक आजारांचं आहे. तुमचा सावकाश चालणारा आहे, त्याच्यातला बिघाड ओळखीचा आहे, आणि ही गोळी त्याच बिघाडावर बसते. तो बिघाड आईबापाकडून आलेला नाही, जगता जगता तुमच्याच रक्तात झाला. भावाला तातडीनं भरती व्हायला सांगितलंय, म्हणजे त्याचा वेगळ्या जातीचा आणि धावत सुटणारा आहे. मी हे सगळं फार चांगल्या मराठीत सांगितलं. सुनंदाताईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमी डॉक्टर हाय का?"

"नाही."

"मंग?"

गवईभाऊंनी तोंड घातलं, "अवो ताई, सर शिकेल हायेत," तर त्यांना ऐकावं लागलं, "शिकेल तं तुमीबी हाय, गवईभाऊ, तरी शुगरची गोळी विसरता." गवईभाऊ मागं सरकले.

मी सिद्धार्थकडे वळलो. "तू काम काय करतोस?"

"फवारनी. पंप घेऊन जातो लोकायच्या वावरात."

"सोयाबीनचं तणनाशक कपाशीवर मारशील?"

"काहून मारू? कपाशी जळन नं."

"आणि दोन्ही वावरं एकाच बापाची असली तर?"

तो हसला. "बापाचा काय संबंध, सर? वावरात काय हाय ते पाहा लागते."

"बरं, सोयाबीनमध्येच मारलं, पण पंपाला अर्धंच टाकलं तर?"

"तन मरत नाही. उलट माजते. मंग पुढच्या साली पुरं टाकलं तरी आयकत नाही…"

बोलता बोलता तो थांबला. बोलण्यासारखं त्यानंच बोलून टाकलं होतं. त्यानं बहिणीकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "तू माह्यापायी तुह्यं तन माजवून राह्यली."

"गप. सरच्या गोष्टी आयकू नको."

"सरची नाही, माही गोष्ट हाय. मी रोज हेच करतो. आजची गोळी कुठं हाय?"

गोळी त्यांच्या पदराच्या गाठीत होती, कागदात बांधलेली. अजून कापलेली नव्हती. त्यानं ती सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "जेवून पुरी घे. आजपासून पुरी. मी उद्या नागपूरले जातो."

सुनंदाताई मला वाटलं रडतील. त्या चिडल्या. "मंग मी तुले काय देऊ?"

एवढं एकच वाक्य. माझ्या व्याख्यानात पेशी होत्या, फुगे होते, केस होता, गुलाल होता. पण आपलं जे औषध आहे ते आपल्या माणसाला देता येणार नाही, हे ऐकून घेणं काय असतं, त्याचा एक शब्द माझ्याकडे नव्हता.

सिद्धार्थ म्हणाला, "डबा दे. दवाखान्यातलं जेवन मले जात नाही."

तो दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेला. गवईभाऊंनी स्वतः त्याला खिडकीची जागा धरून दिली. नागपूरला उपचार सुरू झाले, जुन्या पद्धतीचे, सगळ्या अंगभर जाणारे. केस गेले, तोंड आलं. सुनंदाताईंनी अर्धी घेतल्याचं आपल्या डॉक्टरांना सांगितलं, बोलणी खाल्ली आणि पुरी गोळी पुन्हा चालू केली. जमेल तेव्हा त्या डबा घेऊन जात. दसऱ्याच्या सुमारास गवईभाऊंचा फोन आला. सिद्धार्थ गेला होता.

पुढच्या वर्षी मेडशीचं निमंत्रण आलं तेव्हा मी घशाचं कारण सांगणार होतो. ते खोटंही नव्हतं. पण गवईभाऊ म्हणाले, "सुनंदाताईनं दुपारचं जेवाले बलावलं हाय. नाही म्हनलं तं त्या कॉलेजात येतीन." गेलो.

भाकर, वांग्याची भाजी, कांदा. त्यांनी आधी मला वाढलं, मग स्वतः जेवल्या, आणि तांब्याभर पाण्याबरोबर गोळी घेतली. तब्येत बरी दिसत होती. आजार पुन्हा दबलाय म्हणतात, असं त्यांनीच सांगितलं. ताटं उचलून झाल्यावर त्या समोर बसल्या.

"सर, एक इचारू? खरं सांगान?"

"विचारा."

"मी अर्धी अर्धी देत राह्यली, त्याच्यात त्याचे दिवस गेले का?"

नाही हो ताई, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर लोकांना बरं वाटेल असं बोलून टाळ्या घेतलेला माणूस मी. ते वाक्य बोलणं अगदी सोपं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते मला गिळावं लागलं.

"काही दिवस गेले, ताई," मी म्हणालो. "ते गेले नसते तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही. वेळेवर गेलेलेही त्या आजारात जातात. कोणालाच सांगता यायचं नाही."

त्यांनी जमिनीवर सांडलेले भाकरीचे कण बोटानं गोळा केले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बाकी सारे म्हनतात, तुह्यं काही चुकलं नाही. असं म्हनलं की मंग त्याच्याबद्दल बोलताच येत नाही कोनाशी. मनातल्या मनात एकटीलेच करा लागते." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आज संध्याकाळी तुमी हे सांगान का सभेत? अर्ध्या गोळीचं?"

"सांगतो. नाव घेणार नाही."

"काहून? नाव घ्या. नाहीतं लोक म्हनतीन, सर गोष्टी जोडते."

त्यात तथ्य होतं.

संध्याकाळी मी माईक हातात घेतला, चार वाक्यं बोललो, आणि पुढचं मला सांगवेना. मी खाली उतरलो आणि माईक सुनंदाताईंकडे दिला. एखादा नट ऐन प्रवेशात रंगमंच सोडून जातो तसंच ते दिसलं असणार. त्या उभ्या राहिल्या. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. सिद्धार्थचं नाव घेतलं तेवढा आवाज फाटला, बाकी सरळ सांगितलं. मी उधळतो तसलं त्यात काही नव्हतं, तरी कोणी खोकलंही नाही.

मी परत माईक घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही.

"थांबा, सर. मले एक इचारू द्या यायले," त्या म्हणाल्या आणि मांडवाकडे वळल्या. "आता खरं सांगा, कोनाकोनाच्या घरी एकाची गोळी दुसरा खाते? बीपीची म्हना, शुगरची म्हना, कोनतीबी. हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. लोक इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात बायकांमधून एका म्हातारीनं हात वर केला आणि सुनेचाही धरून वर केला. "आमी दोघी एकाच पाकिटातली घेतो. तिले चक्कर येते, मले येत नाही. काहून येते ते आता समजलं." मग पुरुषांत एक हात, त्याच्या मागं आणखी दोन, पार शेवटच्या रांगेपर्यंत.

मी मंचावर परत जाऊन बसलो. शेजारच्या खुर्चीत गवईभाऊ होते. त्यांनी माझ्याकडे न बघता, कोपर मांडीवर टेकवून, एसटीत तिकीट देताना जेवढा वर करतात तेवढाच हात वर केलेला होता.

"भाऊ, तुम्ही?" मी कुजबुजलो.

"माही संपली की बायकोची घेतो," ते म्हणाले. "तुमी तिकडे पाहा नं, सर."